तीन थरांचा पांढरा मोर

फोन जरा नीट कानाला लाव गं. एका हातात पळी आणि खांद्यात मोबाइल दाबून माझं ऐकायचं नाही. गॅस बंद कर, भाजी कुठं पळून जात नाही. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला म्हणे जावईबापूंच्या दुकानात गर्दी. आणि व्हिडिओ कॉल लावला की तू दिसतच नाहीस, तुमचा छताचा पंखा तेवढा दिसतो. त्याच्या कोणत्या पात्यावर किती धूळ आहे ते आता मला पाठ झालंय. तुझी आई असती तर तिनं एव्हाना कान धरला असता तुझा. धाकटी बहीण माझी, पण कान धरायला माझ्याहून पुढं. ती नाही म्हणून मावशीनं धरला, एवढंच समज.

रागावले नाही मी. तू का येईनास ते मला कळतं. मोरावरून. तुला वाटतं, मावशीकडं गेलं की तो विषय पुन्हा निघणार. निघणारच, मीच काढून राह्यले बघ. पण ह्या भांडणातलं तुला अर्धंच ठाऊक आहे, आणि जे अर्धं ठाऊक नाही तेच मला हल्ली एका जागी बसू देत नाही.

बसू देत नाही म्हणजे खरंच. तुरीच्या शेंगा सोलायला बसते, मूठभर सोलते आणि उठते. एसटीचं तिकीट हाती आलं की नळाखाली धरते आणि दोन्हीकडून ओढून बघते, कसं तुटतं. वर्तमानपत्राची पट्टी, चहापत्तीच्या पुड्याचा कागद, वाण्याच्या पुडीचा कागद, सापडेल ते ओलं करायचं आणि ओढायचं. परवा सूनबाई म्हणाली, "आई, लाइटबिल तेवढं सोडा. ते भरायचं राह्यलंय."

आता पहिल्यापासून सांगते. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुझं लक्ष नव्हतं.

तुझ्या दादानं, म्हणजे माझ्या लेकानं, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं आणि कागदी नॅपकिनचा धंदा सुरू केला. मिलमधून मऊ कागदाचे मोठाले रोल यायचे, ते कापायचे, दोन थर एकावर एक ठेवायचे, घडी घालायची, बंडल बांधायचं. धाब्यांना आणि लग्नाच्या जेवणावळींना माल जायचा. माल बरा होता, पण एक खोट होती. हात ओला असला की त्याचा लगदा व्हायचा.

जालन्याचे एक भाईजान आहेत, लग्नाच्या जेवणाचे ठेके घेतात. तेच त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते एकदा शेडवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बेटा, माल वापस नहीं कर रहा मैं. बस एक बात बताता. नल्ली खाके आदमी मूँ पोंछता, तो तेरा नॅपकिन आधा हात में आता, आधा दाढी में रह जाता. परसों दुल्हे का बाप ऐसा बैठा था जैसे बरफ पडी हो."

तुझा दादा हसला, पण त्या दिवसापासून त्याची झोप गेली. जाड कागद घेऊन पाहिला, तर तो ओठाला टोचायचा. डिंक लावून थर चिकटवले, तर वाळल्यावर पुठ्ठ्यासारखे कडक. मंग एक दिवस वर्तमानपत्र फाडत बसला होता. उभं फाडलं की सरळ रेघेत फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, मधेच अडतं. मला म्हणाला, "आई, कागदाला पण अंग असतं. एका अंगानं तो लगेच फाटतो, दुसऱ्या अंगानं भांडतो."

तिथून त्यानं तीन थर केले. वरचा उभा, मधला आडवा, खालचा उभा. डिंक नाही, काही नाही. दातेरी रुळाखालून दाबून काढायचे, दात्यांच्या खुणांनीच ते एकमेकांना धरून बसायचे. सांगायला सोपं वाटतं. बसेपर्यंत शेडमागं वाया गेलेल्या कागदाचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता. मधला कागद आडवा ठेवायचं काम तेव्हा मशीनला येत नव्हतं, म्हणून गावातल्या बाया हातानं ठेवायच्या. भाईजाननी पहिला नॅपकिन रश्श्यात बुडवला, दोन्ही हातांनी ताणला, पिळला, पुन्हा ताणला.  घडी करून खिशात घातला आणि जाताना म्हणाले, "हां. अब ये दाढी छोडेगा."

पेटंट वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. कागद आडवा ठेवला, ह्यात सरकारला काय कळवायचं? पोळीला आतून तेल लावतो ते आपण कुणाला कळवतो का?

आता भांडण. एक मोठी कंपनी आहे, नाव घेऊन काय करायचंय. तिचा माणूस गिऱ्हाईक बनून आला, पाकीट घेऊन गेला, आणि थोड्या दिवसांनी नोटीस आली. तीन थर, मधला आडवा, डिंक नाही, अमुक इतकी जाडी, पाणी अमुक इतकं पिणार, आणि ओला झाल्यावर कोरडा असतानाच्या ताकदीतली अमुक इतकी ताकद शिल्लक राहणार, असा कागद म्हणे त्यांचा. त्यांनी त्याचं पेटंट घेतलंय. दुसऱ्या कुणी करायचा नाही.

तुझा दादा नोटीस हातात घेऊन शेडमध्येच उभा राहिला. मला म्हणाला, "आई, आपण चोर झालो."

मी म्हणाले, "आपण करून राह्यलो ते त्यांच्या आधीपासून."

"ते मला ठाऊक, तुला ठाऊक. कोर्टाला काय ठाऊक?"

वकीलबाई चांगली मिळाली. अंबडच्या एका मास्तरांची लेक, बोलायला गोड आणि ऐकायला त्याहून पक्की. तिनं मला समजेल असं सांगितलं. म्हणाली, "मावशी, कंपनीनं अर्ज केला त्याच्या आधी असाच नॅपकिन लोकांच्या हातात उघडपणे फिरत होता, एवढं दाखवता आलं की त्यांचं पेटंट टिकत न्हाई. न्हाई दाखवता आलं, तर तुमच्या लेकाला हा माल कायमचा सोडावा लागन." सध्यापुरता तर कोर्टानं थांबवलाच आहे. निकाल लागेतो तीन थरांचा माल करायचा नाही. दोन थरांचा करून राह्यलाय, आणि तो कुणी घेत नाही. एकदा चांगलं वापरलं की मागचं कोण घेतं? मधल्या थराच्या बाया घरी बसल्यात. त्यातली एक रोज बाजाराला जाताना दारावरून जाते आणि विचारते, "मावशी, मधला कागद कवा आडवा करायचा?" मी म्हणते, करू. तिला माहीत असतं मला काही माहीत नाही.

भाईजान साक्ष द्यायला तयार झाले. पण समोरचा वकील म्हणाला, साक्षीदार आठवणीतून बोलतो, कागद आठवणीतून तपासता येत नाही. आपली जुनी बिलं दाखवली, तर बिलावर नुसतं नॅपकिन एवढंच. आत थर किती, कसे, हे बिलाला कुठं ठाऊक? वकीलबाई म्हणाली, "तेव्हाचा एक तरी नॅपकिन पाह्यजे. खरा. हातात धरता येईल असा."

मंग आमची शोधाशोध सुरू झाली. आता तू सांग, जगात नॅपकिन कुणी जपून ठेवतं का? तोंड पुसलं आणि टाकला, त्याचा जन्मच तेवढा. सूनबाईनं शेडचा कोपरान् कोपरा झाडला. भाईजाननी मंडपाचं गोदाम उपसलं. त्यांना हरवलेल्या दोन पराती सापडल्या, नॅपकिन नाही. एका धाब्यावाल्यानं मोठ्या खुशीत जुनं म्हणून बंडल आणून दिलं, ते मागच्या महिन्यातलं निघालं. तुझा दादा धाब्यांच्या मागच्या उकिरड्यांवरसुद्धा जाऊन आला. आल्यावर त्याला आंघोळीचं पाणी द्यायची माझी हिंमत होईना.

आणि मंग सूनबाईला तुझ्या लग्नाचा व्हिडिओ आठवला. तुझं रुखवत. मधोमध पांढरा मोर.

हा मोर कसा झाला ते तुला कुणी सांगितलंय का? तुला तर तिकडं फिरकू दिलं नव्हतं. पापड वाळत घातलेत, वारं लागेल, असं सांगितलं होतं. तुझ्या आईनं तुमच्या गावाहून, धावड्याहून, मला फोन केला, "अक्का, लोकांच्या रुखवतात तेच ते लोकरीचं तोरण आणि तीच ती सुपारीची नवरानवरी. मला माझ्या पोरीला काहीतरी आगळं द्यायचंय. तुझ्या लेकाच्या शेडात काय मिळंल?" मी नॅपकिनचं एक पोतं घेऊन गेले. तेव्हा नुकताच तीन थरांचा माल निघायला लागला होता. आम्ही दोघी तिच्या मागच्या खोलीत दार लावून बसलो. बांबूच्या कामट्या, तार, जुनं धोतर. एकेका नॅपकिनच्या बारीक चुण्या घालायच्या, बुडाशी दोरा आवळायचा, की झालं पीस. तिनं पहिल्या पिसाला निळा रंग दिला. तीन थरांनी तो असा काही पिऊन घेतला की जागोजागी डाग. तिनं ते पीस चुलीत टाकलं आणि म्हणाली, "असू दे पांढरा. देवानं रंगवला न्हाई, मी कशाला रंगवू?"

रुखवत मांडलं तेव्हा तुझ्या सासरच्या बाया बघायला आल्या. त्यातली एक म्हणाली, "अगं बया, मोर पांढरा? चुन्याच्या डब्यात पडला का?"

तुझी आई लगेच म्हणाली, "न्हाई हो. तुमच्याकडची वरात दारात आली, ती बघून पांढरा पडला."

सगळ्या हसल्या. तू तेव्हा पाटावर होतीस, खाली मान घालून. तुला हे ऐकू गेलं नसणार.

तर व्हिडिओ आहे, त्यावर कंपनीच्या अर्जाच्या आधीची तारीख आहे, मोर आहे. सूनबाईनं तुझ्या दादाला दाखवलं आणि त्यानं तिथल्या तिथं तुला फोन लावला. मी ऐकत होते. त्याला बोलायची रीत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "अगं, तो मोर लागन कोर्टात. थोडा फाडावा लागन."  मंग म्हणालीस, "बघते दादा," आणि फोन ठेवलास. तो माझ्याकडं बघत राहिला, जसं काही फोन मीच ठेवला.

म्हणून मी आले. अंबड, जालना, मंग तुमची जाफराबादची गाडी. वाटभर ठरवत होते की कसं मागायचं, आणि प्रत्येक थांब्यावर ठरवलेलं मोडत होतं. तुमच्या बैठकीत शिरले तर समोरच टीव्हीच्या वर, प्लास्टिकच्या कव्हरात, मोर. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्याकडं येणारा माणूस आधी मोराकडं बघतो, मंग माझ्याकडं."  चहा घेतला. दुसऱ्यांदा घेतला. जावईबापूंच्या दुकानाची चौकशी केली, कपाशीचा भाव विचारला, सोयाबीनचा विचारला. माझ्याकडं शेतही नाही.

शेवटी तूच स्टुलावर चढलीस. मोर खाली काढलास, कव्हर काढलंस आणि म्हणालीस, "मावशे, किती पिसं लागतात?" माझ्याकडं बघितलं नाहीस. कात्री आणलीस आणि मागच्या बाजूची कापलीस, पुढून बघणाऱ्याला कळू नये म्हणून. मी तेव्हा तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला हवा होता. माझ्या हातात पोळ्यांचा डबा होता, त्यात पिसं ठेवायची होती, आणि तो मला काही केल्या बंदच होईना.

सासूबाई म्हणाल्या, "आज पिसं नेली. उद्या कोर्टाला चोच लागली तर?"

"चोच सुपारीची आहे विहीणबाई," मी म्हणाले, "तिच्यावर अजून कुणाचं पेटंट न्हाई."

हसलो तिघी. पण तू मला एसटीवर सोडायला आली नाहीस. इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं ऐक.

पिसं वकीलबाईकडं दिली, तिथून ती तपासणीला गेली. तिथं म्हणे कागदाची पट्टी कापतात, दोन चिमट्यांत धरतात, ओली करतात आणि मशीन ती ओढतं. आम्ही वाट बघत बसलो. म्हणजे बाकीचे बसले. मी अंगणातून शेडवर आणि शेडवरून अंगणात. एक दिवस तुझा दादा घरी आला, चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, पिसांना खळ दिल्ती का?"

मी म्हणाले, "दिल्ती की. साबुदाण्याची. घट्ट. खळ दिल्याबिगर कागदाचं पीस उभं राहतं का कुठं?"

तो खालीच बसला.

कारण असं की खळ बसलेला कागद ओला केला, तर जी ताकद दिसते ती कागदाची की साबुदाण्याची, हे सांगता येत नाही. थर तीन निघाले, मधला आडवा निघाला, इथपर्यंत बराबर. पण कंपनीचं सगळं भांडण ओल्या ताकदीवर. त्यांचा वकील म्हणणार, ही तर पेजेची करामत. वकीलबाई फोनवर मला म्हणाली, "मावशी, आधी सांगायचं ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण कुणी विचारलं होतं? आणि मला तरी सुचावं कसं? रुखवताच्या कागदाला खळ द्यायची हे सांगायची गोष्ट आहे का? लुगडं नेसून आले असं आपण कुणाला सांगतो? लग्नघरात कोणत्याही बाईनं तेच केलं असतं. तुझी आई तर खळीत दोनदा बुडवायची, तुझ्या संसारात मोर वाकू नये म्हणून.

तर तुझी पिसं गेली ती फुकट गेली. हे तुला सांगायला मला फोन करवला नाही. तुझ्या दादालाही नाही. आम्ही दोघं एकमेकांना म्हणायचो, तू सांग.

आणि आता ते, जे मला बसू देत नाही.

मोराचं पोट भरायचं होतं. कापूस आणायला जायचं तर भर दुपार, दार उघडलं की तू दिसणार. तुझ्या आईनं इकडं तिकडं बघितलं आणि पोत्यातलं नॅपकिनचं एक बंडल उचललं. कोरं, दोऱ्यानं बांधलेलं, सोडलंसुद्धा नाही. धोतराच्या कापडात गुंडाळून तिनं ते पोटात बसवलं आणि वरून शिवून टाकलं. त्याच्यातच तिनं पिसाऱ्याच्या कामट्या खोचल्या, म्हणून तर मोर इतकी वर्षं सरळ उभा आहे. त्या बंडलाला खळ लागलेली नाही, हात लागलेला नाही. जसं शेडमधून गेलं तसं ते आत आहे. हे ती जाणत होती आणि मी जाणते. तिसरं कुणी नव्हतं.

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. ते बंडल काढायचं तर तिचे टाके उसवावे लागणार. टाके उसवले की कामट्या निसटणार, पिसारा खाली येणार. पुन्हा उभा करायचा म्हटला तरी तो मी केलेला मोर होईल, तिनं केलेला राहणार नाही. तिचे टाके कसे होते ते तुला माहीत आहे, लांब लांब, घाईचे, माझ्या शब्दांत सांगायचं तर अडाण्याचे. मी तेव्हा तिला म्हणालेही होते, नीट घाल. म्हणाली, "पोट कोण बघतं?"

आणि त्यातही एक गोम आहे. त्या पोत्यात सगळा माल तीन थरांचाच होता का? तुझ्या दादानं भरताना वरवर नवा टाकला आणि खाली जुना दोन थरांचा राहिला असेल तर? मला छातीठोक सांगता येत नाही. मी डोळे मिटून ती खोली आठवते, पोतं आठवते, तिचा हात पोत्यात गेलेला आठवते. वर गेला की खोल गेला? रोज वेगळं आठवतं. म्हणजे उसवलं आणि आत दोनच थर निघाले, तर मोरही गेला आणि दादाचं कामही झालं नाही, असं होऊ शकतं. हे तुझ्यापासून लपवून मला तुझ्याकडून काही घ्यायचं नाही.

मी वकीलबाईला आडून विचारलं. म्हणाले, "समजा, एखाद्या जुन्या वस्तूच्या पोटात तसाच नॅपकिन असला, तर काय करायचं असतं?"

ती लिहिता लिहिता थांबली. "समजा कुणाच्या पोटात, मावशी?"

"समजा माझ्याच."

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "समजा असं असंल, तर तुम्ही हात लावू नका. घरात बिलकुल उघडायचं न्हाई. दोन्हीकडच्या माणसांसमोर, कोर्ट सांगंल त्याच्या देखत उघडायचं, न्हाईतर ते म्हणतील तुम्हीच आत भरलं. उसवायचं काम घरच्या बाईनं केलं तरी चालंल. पण सगळे बघत असतील." आणि मंग हळूच म्हणाली, "ती बाई तयार असंल तर."

संभाजीनगरच्या कोणत्या तरी ऑफिसात, पंख्याखाली, टेबलावर मोर, आणि भोवती चार अनोळखी माणसं तुझ्या आईचे टाके बघतायत. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसरं चित्र शेडचं. दातेरी रुळावर धूळ बसलीय, आणि तुझा दादा त्यावरून फडकं फिरवतो, मशीन चालू नसताना. मला काय वाटतं विचारशील, तर सकाळी वाटतं उसवावं. वस्तू शेवटी वस्तू, माणसाचा संसार मोठा. दुपारी जेवायला बसले की वाटतं, नको. नॅपकिन काय, तो दुसरं काही करील, त्याला हात आहेत, पण त्या पोरीला आईचं दुसरं काय आहे? ताटावरून उठते आणि पुन्हा काहीतरी नळाखाली धरते.

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. तुझा दादा अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता. मी म्हणाले, "मला मोराबद्दल एक गोष्ट ठाऊक आहे. तुझ्या कामाची असंल, नसंलही. पण आधी मी तिला सांगणार, मंग तुला."

त्यानं वर बघितलं. मला वाटलं, हट्ट करील, विचारून विचारून काढून घेईल; लहानपणी लाडू कुठं ठेवलेत ते असंच काढून घ्यायचा. ट्यूब तशीच पाण्यात धरून तो बसला. बुडबुडे येत होते, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मंग म्हणाला, "सांग तिला. पण फोनवर न्हाई. मागच्या वेळंला मी फोनवर मागितलं, तेच चुकलं." आणि माझ्याकडं न बघता, "ती न्हाई म्हणली तर न्हाई. मला काय होतं ते सांगूसुद्धा नको तू."

आता तो वाट बघतोय. विचारत नाही, पण मी चपला घातल्या की बघतो मी कुठं निघाले. तारीख जवळ आलीय. वकीलबाईलाही काहीतरी कळवावं लागेल, आहे म्हणून किंवा काही नाही म्हणून. तू नको म्हणालीस, तर मी तिला काही नाही असंच कळवीन आणि पुन्हा तो विषय ह्या घरात निघणार नाही. तेवढं मला जमेल. तू उसवते म्हणालीस, तर मी तुझ्याशेजारी बसेन. कात्री तुझ्याच हातात राहील, पण आधी कोणता टाका काढायचा ते मी सांगेन, कारण शेवटची गाठ कुठं मारली ते मी बघितलंय. ह्या दोन्हींत मला कमीजास्त नाही, असं म्हणाले तर ते खोटं होईल. पण दोन्ही मला झेपतील.

जे झेपत नाही ते हे, की तू तिकडं गप्प आणि मी इकडं गप्प.

दादा फोनवर नको म्हणाला होता, पण तू येईनास, मंग फोनवरच सांगून टाकलं. आता तू ये. मोर आणू नकोस, मोकळ्या हातानं ये. ही सगळी गोष्ट मला पुन्हा एकदा तुझ्यासमोर बसून सांगू दे, म्हणजे तुला जे विचारायचं ते विचारता येईल. सासूबाईंना सांग, मावशीला बरं नाही. अगदीच खोटं नाही ते. सकाळच्या गाडीनं जालन्याला उतर, अंबडची एसटी उभीच असते, पुढं वडीगोद्रीला जीप मिळते. लेकराला घेऊन ये, त्याला शेडमधला मोठा रोल ढकलायला आवडतो. दादाला मी फाट्यावर पाठवीन, आणि तो तुला काही विचारणार नाही, मी बजावलंय. तारखेच्या आधी ये, जल्दी ये. दोन दिवस राहायच्या हिशोबानं कपडे आण, आल्या पावली गाडीचं बघायचं नाही.